मेळघाटांतील जंगलबंगले

वऱ्हाड म्हटलें कीं डोळ्यांपुढें उभी राहते ती काळी जमीन, कपाशीचें शेत आणि वैशाखांतील रखरखीत ऊन. परंतु अचलपूरच्या किंवा अकोटच्या शिवारांतून उत्तरेकडे पाहिलें असतां एक निळसर रांग दिसते. ती सातपुड्याची गाविलगड रांग. तिच्यापलीकडे चढणीमागून चढण लागते, घाटास घाट मिळतो, आणि त्यावरूनच त्या मुलखास मेळघाट हें नांव पडलें. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या तेथून निघून तापीस मिळतात. अमरावती-अकोल्याकडील कुटुंबें सुटींत एक-दोन रात्री काढावयास हल्लीं याच रानांत जातात. कोणी सेमाडोहास, कोणी सिपनेच्या वळणावरील कोलकासच्या बंगल्यांत, तर कोणी नरनाळ्याच्या पायथ्याशीं शहानूरला. शहरी मनुष्य तेथें शांततेसाठीं जातो. पण रानांत रात्रीं कोणी राहावें आणि कोणी राहूं नये, हा प्रश्न तेथें दीडशें वर्षें चालत आलेला आहे. आणि तो प्रत्येक वेळीं रानाबाहेरच्या माणसांनींच सोडविलेला आहे.

इंग्रजांपूर्वीं या डोंगरांवर सत्ता चालली ती गाविलगड व नरनाळा या दोन किल्ल्यांवरून. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीनें गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनीं नागपूरकर रघूजी भोसल्यांस देवगांवचा तह करावा लागला. १८२३ सालीं हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या दृष्टीस चिखलदऱ्याचें पठार पडलें. भीमानें कीचकास ज्या दरींत लोटलें ती हीच, अशी लोकांची श्रद्धा पूर्वापार होती. साहेबास मात्र तेथील गारवा तेवढा दिसला. सुमारें ३६०० फूट उंचीच्या या ठिकाणीं पुढें बंगले उठले व कॉफीचीं झाडेंहि लागलीं. तथापि चिखलदरा ही हवा खाण्याची जागा. खऱ्या अरण्यांतील मुक्कामाची कथा वेगळी आहे, आणि तिचा आरंभ हवेपासून नव्हे, लांकडापासून होतो.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६७ पर्यंत अकोला व बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोंचली. रूळ मांडावयाचे तर खालीं लांकडी स्लीपर हवेत, आणि स्लीपरास सागासारखें लांकूड नाहीं. लोहमार्ग देशभर पसरूं लागले तसें सरकारचें लक्ष सागाच्या रानांकडे वळलें. १८६४ सालीं डीट्रिच ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं हिंदुस्थान सरकारचें जंगलखातें निघालें, आणि त्याच सुमारास मेळघाटचें रानहि राखीव करण्यांत आलें. राखीव रान म्हणजे मोजलेलें रान. कोणता भाग केव्हां तोडावयाचा, वणवा अडविण्यासाठीं जाळरेषा कोठून काढावयाच्या, गाडीवाट कोणत्या खिंडींतून न्यावयाची, हें सारें नकाशावर येऊं लागलें. हें काम कचेरींत बसून होणारें नव्हतें. साहेबास हिंवाळाभर हिंडावें लागे; आणि हिंडावयाचें तर रात्रीं पाठ टेकण्यास जागा हवी.

जंगलबंगला जन्मला तो या गरजेंतून. एका दिवसाची मजल संपे तेथें, पाण्याच्या कडेला, पण पुराच्या रेघेच्या वर, अशी जागा पाहून तो बांधीत. भिंती जाड, छप्पर उतरतें व कौलारू, आढें सागाचें, भोंवतीं रुंद ओसरी. आंत दोन खोल्या, भिंतींत थंडीसाठीं आगटी, स्वयंपाकघर मात्र धुराच्या व आगीच्या भीतीनें वेगळें. ओसरी ही त्या घराची खरी कचेरी होय. मोडक्या टेबलावर कंदील ठेवून दैनंदिनी लिहावयाची, ठेकेदाराचें देणें भागवावयाचें, अपराध्याचा दंड ठरवावयाचा, तो तेथेंच. आज ज्या ओसरींत पाहुणे चहाचा पेला हातीं घेऊन नदीकडे पाहत बसतात, तिच्यापुढें एके काळीं चोरून फांद्या तोडल्याबद्दल धरून आणलेलीं माणसें उकिडवीं बसत असत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हीं माणसें बहुतेक कोरकू. कोरकूंची भाषा मराठीचीहि नातलग नाहीं आणि गोंडीचीहि नाहीं. ती मुंडा कुळांतील, म्हणजे दूर छोटानागपूरकडील संथाळी-मुंडारीची बहीण. त्या भाषेंत ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हां कोरकू म्हणजे नुसतीं ‘माणसें’. रानाचा तुकडा जाळून त्या राखेंत पेरावयाचें व कांहीं वर्षांनीं पुढें सरकावयाचें, अशी त्यांची शेती होती. राखीव रानाच्या नियमांनीं तिला हळूहळू आळा घातला. परंतु खात्यास मजूर तर हवे होते. साग तोडणें, जाळरेषा साफ करणें, रस्ते बांधणें, साहेबाचें सामान पुढच्या बंगल्यापर्यंत पोंचविणें या कामांस हात कोठून आणावयाचे? म्हणून ‘वनग्रामें’ निघालीं. कामाच्या बोलीवर खात्यानें रानांतच वस्ती करूं दिली. जमीन कसावयाची, पण ती आपली म्हणावयाची नाहीं. बंगला आणि वनग्राम हीं एकाच व्यवस्थेचीं दोन अंगें होत. बंगल्यांत रात्र काढणारा दुसऱ्या दिवशीं निघून जाई. वनग्रामांतला तेथेंच राही, तो दुसऱ्याच्या मर्जीनें.

शिकारीच्या काळाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, तेव्हां येथें थोडकेंच पुरे. रानाचे गट पाडून परवान्यानें शिकारीस देत. हांके करणारे गांवचेच असत. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले तरी बंदुका राहिल्या. १९७० सालीं वाघाच्या शिकारीस बंदी झाली, १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्पास आरंभ झाला. आरंभीं निवडलेल्या नऊ रानांत मेळघाट हें एक, आणि महाराष्ट्रांतील तेंच पहिलें. १९८७ सालीं त्याच्या गाभ्यांतील ३६१ चौरस किलोमीटरांचें गुगामल राष्ट्रीय उद्यान झालें.

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना अमेरिकेची. १८७२ सालीं यलोस्टोन झालें, आणि तेथें पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत आलेल्या शोशोनी आदि टोळ्यांस थोड्याच वर्षांत बाहेर काढण्यांत आलें. पाहुण्यांसाठीं मात्र लांकडी ओंडक्यांची भव्य खाणावळ १९०४ सालीं उभी राहिली. आफ्रिकेंत केनियामध्यें १९३२ सालीं एका उंबराच्या जातीच्या झाडावर ‘ट्रीटॉप्स’ नांवाचें निवासस्थान बांधलें गेलें. फेब्रुवारी १९५२ मध्यें राजकन्या एलिझाबेथ तेथें राहिली असतां त्याच रात्रीं तिचा पिता वारला आणि ती राणी झाली. सोबतीस होता कुमाऊंचा प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट. दोन वर्षांनीं, १९५४ सालीं, माउ माउ बंडवाल्यांनीं तें झाडावरचें घर जाळून टाकलें. पाणवठ्यावरचे हत्ती पाहणाऱ्यांस त्या रानाभोंवतालच्या किकुयूंचा जमिनीवरील राग दिसला नव्हता.

मेळघाटांत जाळपोळ झाली नाहीं, गांवें उठलीं. कोहा, कुंड आणि बोरी हीं तीन गांवें या शतकाच्या आरंभीं अकोल्याकडील सपाटीवर, अकोटच्या बाजूस नेऊन वसविलीं. पुढें धारगड, गुल्लरघाट, केलपाणी इत्यादि गांवेंहि तिकडे उतरलीं. २००८ पासून कुटुंबास १० लक्ष रुपये असा दर होता, तो २०२१ सालीं १५ लक्ष झाला. वाघास निर्वेध रान हवें, यांत शंका नाहीं; दवाखाना, शाळा, वीज रानापेक्षां सपाटीवर जवळ, हेंहि खरें. तरी मोह, तेंदू व बांबू यांवर वाढलेल्या माणसाच्या हातीं एकदम रोकड देऊन त्यास कपाशीच्या मुलखांत सोडणें म्हणजे पुनर्वसन, असें समजणें भाबडेपणाचें होय. कबूल केलेली जमीन व सोयी मिळाल्या नाहींत, अशी तक्रार घेऊन कित्येक कुटुंबें जुन्या गांवठाणांत परत गेलीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें त्यांची वनखात्याच्या व पोलिसांच्या लोकांशीं चकमक उडाली. दोन्हीकडचीं माणसें जखमी झालीं.

रात्रीच्या मुक्कामाची हौस मात्र वाढतच आहे. वैशाखी पौर्णिमेस पाणवठ्यावरील मचाणावर बसून चांदण्यांत जनावरें मोजण्याची वहिवाट होती. वाघांच्या गणतीचें काम पुढें आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांकडे गेलें, तरी मचाणाची रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून टिकली आहे. तिच्यांत वाघ क्वचितच दिसतो. डोंगर व दाट झाडी यांमुळें मेळघाटचा वाघ ताडोब्यासारखा रस्त्यावर येऊन उभा राहत नाहीं, आणि हीच या रानाची प्रतिष्ठा आहे. ज्यास धीर आहे त्यास वेगळें कांहीं लाभतें. १८८४ नंतर नाहींसा झाला असें समजलेला रानपिंगळा १९९७ सालीं सातपुड्याच्या पश्चिम टोंकास शहाद्याजवळ पुन्हां आढळला. पुढें तो मेळघाटच्या सागांतहि दिसला. हा पिंगळा दिवसां वावरतो, त्यामुळें त्याच्यासाठीं रात्र जागण्याचें कारण नाहीं.

बंगल्यांवर भाकरी भाजणाऱ्यांत आणि गाडीपुढें बसून वाट दाखविणाऱ्यांत आजहि कोरकू तरुण पुष्कळ आहेत. सायंकाळीं पाहुण्यांस रानगवे दाखवावयाचे तर गाडी गवताच्या मोकळ्या मैदानाकडे नेतात. उठलेल्या गांवांच्या शेतांवर अशीं कुरणें राखलेलीं आहेत. घरें मोडलीं, कूड कुजले, विहिरी राहिल्या. गवतांत मध्येंच मोठालीं मोहाचीं व आंब्याचीं झाडें एका ओळींत उभीं दिसतात. रान असें ओळींत वाढत नाहीं. चैत्रांत मोह टपटपूं लागला कीं पहांटेस अस्वलें तेथें येतात, कारण आतां तीं फुलें वेंचावयास टोपली घेऊन कोणी येत नाहीं.