मापन-उपसर्गांची नामव्यवस्था : स्टोनी यांच्या एका त्यक्त योजनेच्या अनुषंगाने

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास किलो, मेगा, मायक्रो, नॅनो हे उपसर्ग इतके परिचित असतात की, त्यांनाही काही इतिहास आहे ही गोष्ट त्याच्या सहसा ध्यानी येत नाही. पाठ्यपुस्तकात आढळणारे चोवीस नावांचे कोष्टक पाहिल्यास ते एकाच हाताने, एकाच बैठकीत सिद्ध झाले असावे असा ग्रह होतो. वस्तुतः त्यातील पहिली नावे १७९५ मधील आहेत आणि शेवटची चार २०२२ मधील. ह्या सव्वादोनशे वर्षांच्या काळात नामकरणाचे तत्त्वही मध्येच पालटलेले आहे. आरंभीचे कित्येक उपसर्ग राशीच्या आकारमानाचे वर्णन करतात, उत्तरकालीन उपसर्ग केवळ एक क्रमांक सांगतात. हा पालट सामान्यतः १९६४ नंतरचा समजला जातो. त्याचे तत्त्व मात्र १८७३ मध्येच स्पष्ट शब्दांत मांडले गेले होते व अल्पावधीत विस्मरणात गेले होते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दहाच्या घातांना नावे देण्याची प्रथा आपणांस नवी नाही. वाजसनेयी संहितेच्या सतराव्या अध्यायात एक, दश, शत, सहस्र यांपासून परार्धापर्यंत तेरा नावे येतात व तेथे परार्ध म्हणजे दहाचा बारावा घात ठरतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सुमारे ११५०) ही नावे अठरा आहेत आणि परार्ध सतराव्या घातावर गेलेला आहे. नाव तेच राहिले, मूल्य लक्षपटीने वाढले. असा घोटाळा केवळ आपल्याकडेच झाला असे मात्र नव्हे. इंग्रजीतील ‘बिलियन’ हा शब्द ब्रिटनमध्ये दहाच्या बाराव्या घाताचा वाचक होता, अमेरिकेत नवव्या घाताचा. ब्रिटिश सरकारने अमेरिकन अर्थ अधिकृतपणे स्वीकारला तो १९७४ मध्ये. संख्यावाचक शब्द लोकभाषेत वावरतात, त्यामुळे त्यांचे मूल्य सरकते. उपसर्ग संस्थेच्या ठरावाने बांधलेले असतात, म्हणून ते स्थिर राहतात.

भारतीय नामावलीत आणखी एक उणीव होती. ती एका दिशेनेच वाढत जाते. लीलावतीतच लांबीची मापे पाहावीत: आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हस्त, चार हस्तांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश. मोठ्या संख्येस दशगुणोत्तर नावे आहेत, लहान मापांस मात्र आठ, चोवीस, चार अशी प्रत्येकाची वेगळी पट आहे. एककाच्या वर आणि खाली एकच दशमान शिडी असावी, ही कल्पना फ्रेंच क्रांतिकाळातील शास्त्रज्ञांची होय.

७ एप्रिल १७९५ च्या फ्रेंच कायद्याने डेका, हेक्टो, किलो, मिरिया हे ग्रीक उपसर्ग पटींसाठी आणि डेसि, सेंटि, मिलि हे लॅटिन उपसर्ग अंशांसाठी ठरविले. भाषेवरूनच दिशा कळावी ही युक्ती उत्तम होती, परंतु ती टिकली नाही, हे पुढे दिसेलच. त्याच कायद्याने ग्रॅम हे वस्तुमानाचे एकक ठरविले, पण १७९९ मध्ये प्लॅटिनमचा जो प्रमाण-दंडगोल सिद्ध झाला तो किलोग्रॅमचा. एककाच्या नावातच उपसर्ग शिरल्याची ही विसंगती आजतागायत चालू आहे. १७९३ च्या तात्पुरत्या व्यवस्थेत ह्याच वस्तुमानास ‘ग्राव्ह’ हे स्वतंत्र नाव होते. ते राखले असते तर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचा एक गोंधळ वाचला असता.

हे सात उपसर्ग बाजार, शेतजमीन आणि रस्ते यांच्यापुरते पुरेसे होते. त्यांची अपुरेपणाची जाणीव करून दिली ती विद्युत्-तारायंत्राने. समुद्रतळाशी घातलेल्या तारेच्या वेष्टनाचा रोध हा लक्षावधी ओहमांत मोजावा लागे. मुंबई व एडन यांस जोडणारी तार १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या जहाजाने घातली, त्या काळातील ही गोष्ट आहे. उलटपक्षी, धारकतेचे फॅरड हे एकक व्यवहारास अवाढव्य ठरले. संपूर्ण पृथ्वी हा एक वाहक गोल मानला तरी त्याची धारकता सुमारे ७१० मायक्रोफॅरड एवढीच भरते! म्हणून विद्युत्-अभियंत्यांनी दशलक्षपटीसाठी ‘मेगा’ व दशलक्षांशासाठी ‘मायक्रो’ हे उपसर्ग योजिले. येथे दोन गोष्टी घडल्या. एक तर दोन्ही शब्द ग्रीक असल्यामुळे भाषेवरून दिशा ओळखण्याचा नियम मोडला. दुसरे असे की, किलो म्हणजे सहस्र आणि सेंटि म्हणजे शत, हे संख्यावाचक होते. मेगा म्हणजे केवळ ‘मोठा’ आणि मायक्रो म्हणजे ‘लहान’. संख्येची जागा विशेषणाने घेतली.

आता आपण १८७३ च्या प्रसंगाकडे येतो. ब्रिटिश असोसिएशनने गतिकीय व विद्युतीय एककांच्या निवडीसाठी नेमलेल्या समितीत विल्यम टॉमसन, मॅक्सवेल, सीमेन्स, जेन्किन यांच्यासारखे लोक होते. जोसेफ एव्हरेट हे तिचे कार्यवाह होते. सेंटिमीटर, ग्रॅम व सेकंद ही मूल एकके आणि डाइन व अर्ग ही नावे ह्याच समितीच्या अहवालाने रूढ केली. इतिहासकारांचे लक्ष स्वाभाविकपणे तिकडेच जाते. परंतु त्याच अहवालात समितीचे एक सदस्य, आयरिश पदार्थवैज्ञानिक जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी, यांच्या एका योजनेची शिफारस आहे. ती अशी: दहाचा घात धन असेल तर त्याचा अंक एककाच्या नावापुढे जोडावा आणि ऋण असेल तर त्याचे क्रमवाचक रूप नावाच्या आधी लावावे. म्हणजे दहाच्या नवव्या घाताइतके ग्रॅम हे ‘ग्रॅम-नऊ’ आणि एका ग्रॅमचा तितकाच अंश हा ‘नववा-ग्रॅम’. पृथ्वीच्या रेखावृत्ताचा चतुर्थांश सुमारे एक ‘मीटर-सात’ किंवा एक ‘सेंटिमीटर-नऊ’ एवढा भरतो. मेगा व मायक्रो ही नावे विद्युत्-अभियंत्यांची प्रचलित सोय म्हणून समितीने मान्य केली, परंतु मेगा म्हणजे जोडलेला ‘सहा’ आणि मायक्रो म्हणजे आधी लावलेला ‘सहावा’, असा त्यांचा अर्थही सांगून ठेवला.

ह्या योजनेचे सामर्थ्य ध्यानात घेण्यासारखे आहे. तीत एकही नवे नाव पाठ करावयाचे नाही. परिवर्तन म्हणजे केवळ अंकांची बेरीज-वजाबाकी: मीटर-सातचे सेंटिमीटर करावयाचे तर सातात दोन मिळवावयाचे. शिवाय तिला अंत नाही. घात कितीही मोठा असो, त्याचे नाव आधीच सिद्ध असते.

मग ती का रुजली नाही? माझ्या मते दोष तर्कात नसून श्रवणात होता. ‘ग्रॅम-नऊ’ आणि ‘नऊ ग्रॅम’ यांतील भेद कागदावर स्पष्ट आहे, प्रयोगशाळेत मोठ्याने वाचताना तो निसटतो. ऋण घातांची स्थिती तर अधिकच बिकट होती. इंग्रजीत ‘दहावा-मीटर’ हा शब्द ऐकणारास मीटरचा एकदशांश वाटणार, आणि योजनेप्रमाणे तो आहे मीटरचा दहाअब्जांश. वर्णपटविज्ञानात हा शब्द तरंगलांबीसाठी काही काळ खरोखरच वापरात होता. त्याची जागा पुढे अँगस्ट्रॉम ह्या व्यक्तिनामाने घेतली. गणिती नियमाचा पराभव एका आडनावाने केला, असे म्हणावयास हरकत नाही.

स्टोनी मागे पडल्यावर अभ्यासकांनी जे हाती होते त्याचीच जोडणी केली. मीटरच्या दशलक्षांशास मायक्रॉन म्हणत, त्याच्या सहस्रांशास मिलिमायक्रॉन म्हणू लागले. आकाशवाणी-तंत्रातील लहान धारकांसाठी मायक्रो-मायक्रोफॅरड हे जोडउपसर्गाचे नाव आले. जुने ग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हे कोष्टक मनात ठेवावे: हिरव्या प्रकाशाची ५५० मिलिमायक्रॉन ही तरंगलांबी म्हणजेच ५५० नॅनोमीटर, ०.५५ मायक्रोमीटर अथवा ५५०० अँगस्ट्रॉम. १९६० च्या अकराव्या वजन-माप महापरिषदेने आंतरराष्ट्रीय एककपद्धती जाहीर करताना टेरा, गिगा, नॅनो, पिको यांस मान्यता दिली. पुढे जोडउपसर्ग निषिद्ध ठरले आणि १९६७ मध्ये मायक्रॉन हे नावही रद्द झाले. गिगा म्हणजे राक्षस, टेरा म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी, नॅनो म्हणजे खुजा. विशेषणांची परंपरा येथे कळसास पोहोचली आणि येथेच संपली, कारण राक्षसाहून मोठा कोण हे सांगण्यास भाषेजवळ शब्द उरत नाहीत.

१९६४ मध्ये फेम्टो व अटो हे दोन उपसर्ग आले. ते डॅनिश भाषेतील पंधरा व अठरा ह्या अंकांवरून घेतलेले आहेत आणि त्यांचे मूल्यही दहाचा उणे पंधरावा व उणे अठरावा घात असेच आहे. हे तत्त्वतः स्टोनी यांचेच ‘पंधरावा’ व ‘अठरावा’ होत, फक्त परभाषेच्या वेषात. श्रवणाचा जुना दोष परकीय शब्दामुळे आपोआप नाहीसा झाला. १९७५ मध्ये पेटा व एक्सा आले तेव्हा मात्र गणनेचा पाया बदलला. टेरा हा शब्द ‘टेट्रा’ म्हणजे चार याच्या जवळचा आहे, आणि टेरा हा सहस्राचा चौथा घातही आहे. हा योगायोग धरून पाच व सहा यांच्या ग्रीक नावांतील एकेक व्यंजन गाळून पुढील दोन उपसर्ग घडविले गेले. परिणामी फेम्टोमधील पंधरा हा दहाचा घातांक आहे, पेटामधील पाच हा सहस्राचा, आणि दोघे शिडीवर शून्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. १९९१ ची झेटा, योटा आदी चार नावे सहस्राच्या सातव्या व आठव्या घाताची आहेत.

परिवर्तनात चुका होतात त्या बहुधा ह्या क्रमांकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. उपसर्ग एककाशी एकजीव मानलेला असतो. घन करताना त्याचाही घन होतो. एक घन मायक्रोमीटर म्हणजे घनमीटरचा दशलक्षांश नव्हे, तो दहाचा उणे अठरावा घात होय. हाच एक फेम्टोलिटर. त्यामुळेच रक्तातील तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान जुन्या वैद्यकग्रंथांत घन मायक्रॉनमध्ये व आजच्या अहवालात फेम्टोलिटरमध्ये दिलेले असले तरी अंक तोच, सुमारे नव्वद, आढळतो. संगणकशास्त्राने किलो म्हणजे १०२४ असा वेगळा अर्थ रूढ केला. तेथे किलोच्या पायरीवर २.४ टक्के असणारा फरक टेराच्या पायरीवर जवळजवळ १० टक्के होतो. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने किबि, मेबि अशी स्वतंत्र नावे सुचविली, परंतु जुनी सवय अद्याप गेलेली नाही.

मराठीत लिहिणारापुढे आणखी एक अडचण आहे आणि तिची चर्चा व्हावयास हवी. भारताच्या १९५६ च्या वजन-मापविषयक कायद्याने मीटर, किलोग्रॅम ही आंतरराष्ट्रीय नावेच स्वीकारली, हे योग्यच झाले. पण त्या पद्धतीची चिन्हे रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांच्या भेदावर उभी आहेत. मेगा व मिलि यांचे अक्षर एकच, केवळ आकार भिन्न. पेटा व पिको यांचेही तसेच. देवनागरीत हा भेदच नाही. एकाक्षरी ‘म’ लिहिल्यास अब्जपटीचा आणि ‘प’ लिहिल्यास दहाच्या सत्ताविसाव्या घाताइतका संशय राहतो. तेव्हा मराठी शोधनिबंधात उपसर्ग पूर्ण शब्दाने लिहावा, हेच मला श्रेयस्कर वाटते. आपल्या संख्यानामांशी मेळ घालताना अब्ज म्हणजे गिगा एवढी खूण पुरते. लक्ष आणि कोटी सहस्राच्या पायऱ्यांवर बसत नाहीत, म्हणून एक लक्ष वॅट हे १०० किलोवॅट आणि एक कोटी वॅट हे १० मेगावॅट असे लिहावे लागते.

नोव्हेंबर २०२२ च्या सत्ताविसाव्या महापरिषदेने रॉना, क्वेटा, रॉन्टो व क्वेक्टो ही नावे मान्य केली. नऊ व दहा ह्या अंकांचे अवशेष त्यांत ओळखू येतात. पृथ्वीचे वस्तुमान आता सुमारे सहा रॉनाग्रॅम असे सांगता येते, आणि इलेक्ट्रॉनचे सुमारे ०.९१ रॉन्टोग्रॅम. ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव १८९१ मध्ये ज्यांनी सुचविले ते हेच स्टोनी. त्यांच्या १८७३ च्या पद्धतीने ते वस्तुमान ‘सुमारे नऊ अठ्ठाविसावे-ग्रॅम’ असे लिहावे लागले असते, आणि त्यासाठी एकाही नव्या उपसर्गाची गरज पडली नसती.