दांडी काढली, वळणं वाढली

गोंदियाला आमच्या घरी आईची जुनी लेडीज सायकल आहे. मागचा ब्रेक कायम ढिला. ‘बाईंच्या हातात जोर नाही,’ म्हणत दुकानदार वायर ओढून द्यायचा.

जोर होता. जुन्या काळ्या सायकलींना सळ्यांचे ब्रेक असत. मागची सळी खालच्या नळीलगत जायची, बायकांच्या सायकलीत आणि पुरुषांच्याही. १८९६ला इंग्लंडमध्ये बाउडेनने आवरणातल्या वायरचं पेटंट घेतलं. पुढे सळ्यांच्या जागी वायर आली, तेव्हा पुरुषांच्या सायकलीत तिला वरच्या दांडीवरून सरळ वाट मिळाली. तिकडचे झगे, आपल्याकडची साडी सांभाळून चढता यावं म्हणून जिथे दांडीच काढलेली, तिथे वायर आधी खाली उतरते, मग सीटच्या नळीशी वळून वर चढते. आणि घर्षण वाढतं ते लांबीपेक्षा वळणांनी. गुणांक ०.१ धरला आणि अर्ध्या वर्तुळाइतकं वळण जादा आलं, तर चौथा भाग जोर वाटेतच जिरतो.

आता मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर जिल्ह्यातल्या मुली शाळेत जातात. त्यांनाही कुणी तेच ऐकवत असेल.

दिवाळीत मी आउटर बदललं, वायरला ग्रीस लावलं, एक फाजील वळण काढलं. आईने दोन बोटांनी ब्रेक दाबला. चाक थांबलं.

‘जा, त्याला दाखवून ये,’ म्हणाली.