प्रथिनांचे अंतरंग आणि बहिरंग

जबलपूरजवळ भेडाघाटी नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. पाणी तेथल्या प्रत्येक कपारीत शिरते. नाव मात्र तिच्या रुंदीला वाट मिळेल तेथवरच जाते. कडा कोठवर गाठता येतो, हे जाणाऱ्याच्या आकारावर ठरते. प्रथिनाच्या पृष्ठभागाची कल्पनाही याच न्यायाने घडली.

केंड्रू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाची घडण प्रथम जगापुढे ठेवली. पुढे त्यांनी उभ्या सळयांच्या दाटीत त्याची प्रतिकृती उभारली. तीत अणूंची साखळी दिसे. पण प्रथिनाचे बहिरंग दिसत नसे. १९७१ मध्ये ली आणि रिचर्ड्स यांनी त्यावर युक्ती काढली. पाण्याच्या रेणूएवढा, १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा, कल्पित गोळा प्रथिनावरून फिरवावा; त्याचा मध्यबिंदू जेथून फिरेल, तो पाण्याला गाठता येणारा पृष्ठभाग. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग! १९८३ मध्ये कॉनोली यांनी गोळ्याच्या स्पर्शाने ठरणारा पृष्ठभाग ठिपक्यांनी रेखाटण्याची रीत प्रसिद्ध केली. ठिपक्यांच्या जाळीतून आतली साखळीही दिसे. पुढे पृष्ठभाग सलग रंगवता येऊ लागला, तेव्हा मात्र अंतरंग झाकले गेले. म्हणून तो हवा तेव्हा दाखविण्याची आणि नको तेव्हा लपविण्याची सोय आवश्यक ठरली.

ही केवळ नेत्रसुखाची सोय नव्हे. शरीरातील प्रतिपिंडे रोगजंतूला ओळखतात, ती त्याच्या बहिरंगावरून. १९९० मध्ये पुणे विद्यापीठातील अशोक कोळसकर यांनी एका सहकाऱ्यासह अशा ओळखखुणांचे भाकीत करण्याची पद्धत मांडली. ते सुमारे ७५ टक्के अचूक ठरत होते. सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलीन हे पाण्यापासून दूर राहू पाहणारे घटक पृष्ठभागावर आले, तर ते अशा खुणेचा भाग असण्याचा संभव अधिक, असे त्यांना आढळले. १९९९ मध्ये कोळसकर व ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाची त्रिमितीय घडण संगणकाने वर्तवून तीवरील खुणा दाखविल्या.

साखळीत परस्परांपासून दूर असलेले घटक घडीमुळे पृष्ठभागावर शेजारी येतात आणि मिळून एक खूण होतात. पृष्ठभाग दाखविला की शेजार कळतो. लपविला की तो कसा जुळला हे कळते. लस शोधणाऱ्याला दोन्ही जाणावे लागते.