तट, गावकूस आणि पळालेली माणसं



सहलीला गेलेलं पोर घरी आल्यावर काय सांगतं? किल्ला बघितला, चर्च बघितलं, समुद्र बघितला. किल्ला कुणी बांधला म्हणून विचारा, ते राजाचं नाव सांगेल. राजानं त्यातला एक तरी दगड उचलला होता का, हा प्रश्न त्याला शाळेनं शिकवलेला नाही. गाईडही सांगत नाही. दगडावर नाव राजाचं कोरलेलं असतं, वाहणाऱ्याच्या खांद्यावरचा वळ त्याच्याबरोबर मातीत जातो.

मी सूतगिरणीत रिंग-फ्रेमवर तुटलेले धागे जोडतो. दहावीनंतर शाळा सुटली. इतिहास वाचला तो पाळी सुटल्यावर, मिळेल त्या पुस्तकातनं. कापड बघितलं की लोकांना ते घालणारा दिसतो, मला सूत जोडणारा दिसतो. तीच खोड मला इतिहास वाचतानाही लागली आहे.

यंदाच्या जानेवारीत मुरगूडच्या आमच्या वस्तीतली कॉलेजची पोरंपोरी घेऊन आम्ही जुन्या गोव्याला गेलो. आजऱ्यावरून आंबोली उतरून, सावंतवाडीमार्गे. जायच्या आधी चार रविवार विहारात बसून वाचन केलं. गोवा म्हटल्यावर घरोघरी कुरकुर झालीच. एक म्हातारी म्हणाली, "गोव्यात काय ठेवलंय रं? बाबासाहेब गेलते काय तितं?" मी म्हटलं, "आजी, तितं भर बाजारात माणसं इकली जायची. ती जागा पोरांस्नी दाखवायची हाय." म्हातारी गप्प झाली. मग नातीला म्हणाली, "जा. नीट बघून ये."

तर काय बघितलं ते सांगतो.

१५१० साली आफोंसो द आल्बुकर्कनं हे शहर विजापूरच्या आदिलशहाकडून जिंकलं. तिथनं पुढं मांडवीच्या काठावरचं हे बंदर पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या राज्याची राजधानी झालं. आज तिथं हिरवळ आहे, तिकिटाच्या रांगा आहेत. १५६२ ला सुरू होऊन १६१९ ला पुरं झालेलं से कॅथेड्रल आहे. फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेलं, जांभ्या दगडाचं बॉम जेझुस आहे. १९८६ साली युनेस्कोनं या सगळ्याला जागतिक वारसा म्हटलं. नदीकडून शहरात शिरायला व्हाइसरॉयची कमान आहे. तिच्यावर तलवार धरलेली एक गोरी बाई उभी आहे आणि तिच्या पायाखाली इथला माणूस आडवा पडलेला आहे. आमच्यातली एक पोरगी त्या दगडी माणसाकडं बराच वेळ बघत राहिली. गाईड तोवर पुढं गेला होता.

यान हुइगेन व्हान लिन्सखोतेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला. १५९६ साली त्याचं पुस्तक छापून निघालं. त्यात शहराच्या मुख्य रस्त्यावरचा, 'रुआ दिरेता'वरचा बाजार आहे. सकाळी लिलाव सुरू व्हायचा. अरबी घोडे, दागिने, भारी कापड आणि माणसं. एकाच रस्त्यावर, एकाच हातोड्याखाली. मोझांबिकच्या किनाऱ्यावरनं आणलेले काळे लोक, बंगालकडनं, चीन-जपानकडनं आणलेले लोक. त्यांच्या खांद्यावर पालख्या, त्यांच्या हातात मालकाची छत्री. बायंगिणीच्या झऱ्याचं पाणी मडक्यांत भरून शहरभर विकायचे ते गुलामच. घाम त्यांचा, पैसा मालकाचा.

त्या बाजाराच्या जागेवर पाटी नाही. इन्क्विझिशन कोर्टाचा वाडाही उरला नाही. १५६० ते १८१२ हे कोर्ट चाललं, मध्ये फक्त चार वर्षं बंद होतं. या कोर्टाबद्दल आज तावातावानं बोलणारे पुष्कळ आहेत. परधर्मीयांनी आपल्या लोकांवर केलेले जुलूम म्हणून ते बोलतात आणि जुलूम खराच होता. पण त्याच शहरातल्या गुलामांच्या बाजाराबद्दल त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. कारण गुलामाचा विषय काढला की पुढचा प्रश्न येतो: मग तुमच्या गावाच्या वेशीबाहेर कोण राहत होतं?

आणखी एक गोष्ट तिथं कळली. गोव्यात धर्म बदलला, पण जात मेली नाही. बाटलेला बामण ख्रिस्ती बामण राहिला. त्याच्याखाली चार्डो, त्याच्याखाली सुदिर. महार-चांभारांतले जे ख्रिस्ती झाले ते तिथंही कडेलाच. चर्चची मंडळंसुद्धा जातवार, मिरवणुकीत कुणी कुठला झगा घालायचा तेही जातीवर ठरायचं. येवल्याला १९३५ साली घोषणा केल्यावर बाबासाहेब एकवीस वर्षं का थांबले, आणि १९५६ ला नागपुरात नुसती दीक्षा न देता बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे ज्याला कळायचं असेल त्यानं गोव्याचा इतिहास वाचावा. दार बदललं म्हणून आतल्या भिंती आपोआप पडत नाहीत. त्या मोजून, नाव घेऊन पाडाव्या लागतात.

आता जरा लांब जाऊ. विहारातल्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यात दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला कोलंबिया देश सापडेल. त्याच्या कॅरिबियन समुद्राच्या काठावर कार्ताहेना नावाचं शहर आहे. १५३३ साली स्पेनच्या लोकांनी ते वसवलं. आज तिथंही कॉलेजच्या पोरांच्या सहली जातात, रंगीत घरं बघतात, दगडी तटावर उभं राहून फोटो काढतात. जुन्या गोव्याचं हे जुळं भावंडच. दोन्हीकडं बंदर, चर्च आणि माणसांचा बाजार. इन्क्विझिशनही दोन्हीकडं, तिथं १६१० पासून. १५८० ते १६४० या साठ वर्षांत दोन्ही शहरांवर राजाही एकच होता, कारण पोर्तुगालचं तख्त स्पेनच्या राजाकडं गेलं होतं. त्या काळात आफ्रिकेतली माणसं जहाजात कोंबून कार्ताहेनाला पोचवायचा ठेका बराचसा पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडंच होता. तिथला तट बांधायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. चाचे आणि शत्रू बाहेर राहावेत म्हणून तो बांधला. वाहून आणलेले गुलाम त्या दगडांखाली राबले.

पण पोरांनो, ह्या दोन्ही शहरांचा खरा इतिहास तटाच्या आत मिळत नाही. तो पळून गेलेल्या माणसांच्या मागोमाग रानात जातो.

कार्ताहेनातनं बेंकोस बिओहो नावाचा आफ्रिकन गुलाम बायकापोरं आणि सोबती घेऊन पळाला. दलदल तुडवून त्यांनी रानात मेढेकोट करून वस्ती केली. सरकारला त्याच्याशी तह करावा लागला. मग सरकारनंच दगा दिला आणि १६२१ साली त्याला फाशी दिलं. तरी पळणं थांबलं नाही. पळालेल्यांचं सान बासिलिओ दे पालेंके हे गाव आजही उभं आहे. तिथं त्यांची स्वतःची भाषा आहे, स्वतःचा ढोल आहे. २००५ साली युनेस्कोनं त्या गावाच्या संस्कृतीलाही वारसा म्हटलं. तटाला तो मान १९८४ सालीच मिळाला होता. दगडाला आधी, माणसाला एकवीस वर्षांनी.

गोव्यातनं पळालेले घाट चढून वर आले. गोव्याला लागून कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्हा आहे. तिथं यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या रानात सिद्दी लोकांची गावं आहेत. आपल्याला सिद्दी म्हटलं की जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो, कारण आपल्या पुस्तकात राजेच असतात. हे सिद्दी राजे नव्हते. गोव्याच्या बाजारातनं पळालेल्या, सुटलेल्या गुलामांचे हे बरेचसे वंशज. कोंकणी बोलतात, कानडी बोलतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. पोर्तुगीज राज्यात गुलामी मोडल्याचा हुकूम १८६९ चा. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत जागा मिळाली २००३ साली. कर्नाटकच्या विधान परिषदेत पहिला सिद्दी माणूस, शांताराम सिद्दी, पोचला २०२० साली. सुटकेचा हुकूम आणि माणूस म्हणून नोंद यांच्यात किती पिढ्या जातात ते बघा.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे ते आणि आपण एकच. गड्या, घाई करू नकोस. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतले गुलाम सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नातं आहे आणि जुनं आहे. पण फरकही बाबासाहेबांनीच दाखवला. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून मालक निदान जनावराइतकी तरी त्याची निगा ठेवायचा. अस्पृश्य कुणाच्याच मालकीचा नाही. राबवून घ्यायला सगळा गाव, जगवायला कुणी नाही.

पाण्याचंच बघा. जुन्या गोव्यात गुलामाच्या हातचं पाणी अख्खं शहर प्यायचं. आणि आमच्या हाताचा पाण्याला स्पर्श नको म्हणून २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कार्ताहेनाचा तट परक्याला बाहेर ठेवायला होता. आमचं गावकूस गावच्याच माणसाला बाहेर ठेवायला होतं. गुलाम तटाबाहेर पडला की निदान रान तरी त्याचं होतं. आम्ही तर आधीच बाहेर होतो. बाहेरच्यानं पळून कुठं जायचं? ह्या गावातनं पळालं तर पुढच्या गावालाही गावकूस होतंच. वर वतनाची दोरी. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली महार वतन मोडलं. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला.

तरी आमची माणसं पळाली. आमचं रान म्हणजे मुंबई. गोदी, रेल्वे, गिरणी. तिथंही तट होताच. साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार जास्त. पण धोट्यातनं सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला. रिंग-फ्रेमवर धागा जोडताना मला हे रोज आठवतं. माझ्या बोटांना आज जी मुभा आहे ती कुणीतरी भांडून घेतलेली आहे.

म्हणून सहली काढा. जरूर काढा. पण जाताना सोबत चार प्रश्न घ्या. हा दगड कुणी वाहिला? वाहणारा राहायचा कुठं? पाणी कुठनं प्यायचा? आणि पळून गेला असेल तर कुठल्या बाजूला? गाईडला उत्तर देता आलं नाही तर पुस्तकं काढा. पुस्तकात नसलं तर म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. त्यांची वाट तुमच्या वहीवर येऊन थांबली आहे.

लांब जायला पैसे नसले तर माणगावला जा. तेही तेव्हा कागल जहागिरीतच होतं आणि आपलं मुरगूडही कागल तालुक्यातलंच. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं परिषद भरली. अध्यक्ष तरुण बाबासाहेब होते. शाहू महाराज स्वतः आले आणि तुमचा पुढारी तुम्हाला सापडला असं त्यांनी लोकांना सांगितलं. त्या दिवशी गावकुसाबाहेरची माणसं खेड्याखेड्यांतनं चालत आली होती. ती कुठल्या कुठल्या वाटेनं आली, ते आधी लिहून काढा.