भाडं ठरवणारा अधिकारी: ब्रिटनच्या हाउसिंग बेनिफिटचं गणित इतिहास म्हणून कसं वाचावं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. संशोधन समितीसमोर मी आराखडा मांडत होते. विषय होता ब्रिटनमधल्या खाजगी भाडेकरूंना मिळणारं हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत. एका स्लाइडवर मी लिहिलं होतं, 'भाड्याच्या ३० टक्के रक्कम मिळते.' समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "मग उरलेले ७० टक्के गरीब माणूस कुठून आणतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझं वाक्यच चुकलं होतं. नियमात ३० टक्के नाही, ३०वा पर्सेंटाइल आहे. सीईटी दिलेल्यांना हा फरक लगेच कळेल. त्या दिवशी मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आकडा पाठ करू नकोस. तो कुठल्या साली आला ते शोध." पुढचं वर्षभर मी तेच केलं. त्यातून हाती लागलं ते इथे सांगते.

आधी गणित

मूळ हिशोब तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी: तुमचं प्रत्यक्ष भाडं आणि तुमच्या भागासाठी ठरलेली कमाल रक्कम, यातली जी कमी ती धरायची. या कमाल रकमेला 'लोकल हाउसिंग अलाउन्स' म्हणतात. दुसरी पायरी: कुटुंबाला जगायला आठवड्याला किती पैसे लागतात याचा सरकारने ठरवलेला आकडा घ्यायचा. उत्पन्न त्याच्या आत असेल तर पहिल्या पायरीतली पूर्ण रक्कम मिळते. तिसरी पायरी: उत्पन्न त्याहून जास्त असेल तर प्रत्येक जादा पौंडामागे ६५ पेन्स मदतीतून कापायचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आठवड्याचं भाडं १८० पौंड, भागाची मर्यादा १५० पौंड, आणि उत्पन्न गरजेच्या आकड्यापेक्षा ४० पौंड जास्त. ४० चे ६५ टक्के म्हणजे २६. तेव्हा १५० वजा २६, मदत झाली १२४ पौंड. भाडेकरूने स्वतः भरायचे ५६ पौंड.

आता हे ५६ फोडून बघा. त्यातले २६ उत्पन्नामुळे आले. उरलेले ३० केवळ भागाची मर्यादा कमी असल्यामुळे आले. समजा त्याचं उत्पन्न शून्य आहे, तरी हे ३० पौंड त्यालाच भरायचे आहेत. माझा सगळा प्रबंध या ३० पौंडांभोवती फिरतो.

मालकावर बंधन

सुरुवात १९१५ च्या ग्लासगोपासून करावी लागते. युद्धामुळे कारखान्यांत कामगारांची गर्दी झाली, मालकांनी भाडी चढवली. मेरी बार्बर आणि इतर बायकांनी भाडं न भरण्याचा संप उभा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली. युद्धापुरता केलेला हा कायदा वेगवेगळ्या रूपांत पुढची कित्येक दशकं टिकला.

आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. मुंबईतही पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडेनियंत्रण आलं, आणि १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांचं 'प्रमाणित भाडं' १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. पागडीच्या चाळींची कहाणी तिथून पुढे जाते. इथपर्यंत दोन्हीकडची वाट सारखी आहे.

१९६५ मध्ये ब्रिटनमध्ये लेबर सरकारच्या रेंट अॅक्टने एक नवं पद निर्माण केलं: रेंट ऑफिसर. काम काय, तर घर बघून 'रास्त भाडं' ठरवायचं. ते ठरवताना घरांच्या टंचाईमुळे चढलेला भाग धरायचा नाही, असं कायदाच सांगत होता. ठरलेल्या भाड्याहून जास्त घेण्याची मालकाला बंदी. हा अधिकारी लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

मदत भाडेकरूला

दुसरा धागा गरिबांच्या मदतीचा. १९४२ च्या अहवालात बेव्हरिजला भाड्याचा प्रश्न नीट सुटला नव्हता. सगळ्यांना समान रक्कम द्यायची तर भाडं मात्र गावागणिक आणि घरागणिक वेगळं. १९४८ पासून नॅशनल असिस्टन्सने हा पेच व्यवहारात सोडवला: भाडं अवाजवी नसेल तर गरजू माणसाला ते बहुधा प्रत्यक्षाप्रमाणे धरून द्यायचं. १९७२ च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या खाजगी भाडेकरूंसाठी नगरपालिकांमार्फत भाडेभत्ता सुरू केला. १९८२ च्या कायद्याने हे वेगवेगळे प्रवाह एकत्र करून हाउसिंग बेनिफिट तयार झालं, आणि १९८३ पर्यंत सगळा कारभार नगरपालिकांकडे आला. ६५ टक्क्यांची कपात आली १९८८ च्या फेरबदलात.

मग १५ जानेवारी १९८९ ही तारीख येते. त्या दिवसापासून होणाऱ्या नव्या खाजगी भाडेकरारांवरचं रास्त भाड्याचं बंधन उठलं. मालकाने बाजारभावाने भाडं घ्यावं. न परवडणाऱ्यांचा भार हाउसिंग बेनिफिट उचलेल, अशी भूमिका १९९१ मध्ये गृहनिर्माण मंत्री सर जॉर्ज यंग यांनी संसदेत मांडली. मुंबईची आणि ब्रिटनची वाट इथे फुटते. मुंबईच्या जुन्या चाळींत भाडं गोठलेलंच राहिलं. ब्रिटनने नवं भाडं मोकळं सोडलं आणि तफावत तिजोरीतून भरायचं ठरवलं.

तोच अधिकारी, वेगळं काम

मग रेंट ऑफिसरचं काय झालं? मला वाटलं होतं पदच गेलं असेल. तसं झालं नाही. १९८९ पासून त्याला नवं काम मिळालं: मदत मागणाऱ्याचं भाडं बाजाराच्या मानाने फार आहे का ते सांगायचं, म्हणजे केंद्र सरकार नगरपालिकेला किती पैसे देईल ते ठरेल. जानेवारी १९९६ पासून 'लोकल रेफरन्स रेंट' आला. परिसरातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी भाडं (अगदीच टोकाची घरं वगळून) घ्यायचं आणि त्यांचा मध्य काढायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २५ वर्षांखालच्या एकट्या भाडेकरूला फक्त एका खोलीपुरती मर्यादा लागली. २०१२ मध्ये ते वय ३५ झालं.

७ एप्रिल २००८ पासून लोकल हाउसिंग अलाउन्स देशभर लागू झाला. आता रेंट ऑफिसरने अर्जदाराचं घर बघायची गरजच उरली नाही. भाग कोणता आणि कुटुंबाला किती बेडरूम लागतात, एवढं कळलं की तक्त्यातून आकडा मिळतो. तो आकडा होता मध्यक: भाडी चढत्या क्रमाने लावली तर बरोबर मधलं भाडं.

एप्रिल २०११ पासून मध्यकाऐवजी ३०वा पर्सेंटाइल आला. म्हणजे दहा घरं भाड्याच्या क्रमाने लावा आणि तिसऱ्यापाशी थांबा. तक्त्यानुसार दहातली तीनच घरं परवडणारी. त्यातही ती रिकामी हवीत आणि मालक मदत घेणाऱ्याला घर द्यायला तयार हवा.

२०१३ पासून दर भाड्यांप्रमाणे आपोआप बदलणं थांबलं. २०१६ पासून चार वर्षं बहुतेक दर गोठवले. कोविडमध्ये, एप्रिल २०२० ला, पुन्हा ३०व्या पर्सेंटाइलला आणले, लगेच तिथे गोठवले, २०२४ ला पुन्हा जुळवले आणि २०२५ ला परत तसेच ठेवले. कमावत्या वयाच्या लोकांसाठी आता हाउसिंग बेनिफिटची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली आहे, कपातही बदलली आहे, पण खाजगी भाड्याची मर्यादा याच दरांवर ठरते.

माझा निष्कर्ष असा: भाडेनियंत्रण १९८९ ला संपलं असं पुस्तकांत वाचायला मिळतं, पण नियंत्रण संपलं नाही, त्याचं तोंड फिरलं. १९६५ चा रेंट ऑफिसर मालकाला सांगायचा, 'यापुढे घेऊ नकोस.' २००८ नंतरचा तोच अधिकारी भाडेकरूला सांगतो, 'यापुढे मिळणार नाही.' मालकाने किती घ्यावं यावर तो काही बोलत नाही.

संशोधकाने काय घ्यावं?

एक, सूत्रातल्या प्रत्येक आकड्याला जन्मसाल असतं. ६५ हा १९८८ चा, ३० हा २०११ चा, ३५ हा २०१२ चा. एकाच पानावर दिसतात म्हणून ते एका विचाराने आले असं समजू नका.

दोन, व्याख्या तपासा. २००८ मध्ये शेफील्डच्या एका भाडेकरूचं प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. वाद एवढाच, की मदत ठरवताना 'परिसर' म्हणजे केवढा भाग? निकाल भाडेकरूच्या बाजूने लागला. त्यानंतर सरकारने नियमातली भागाची व्याख्याच बदलली आणि मोठे भाग कायम राहिले. फक्त निकाल वाचून थांबलात तर तुमचा निष्कर्ष उलटा येईल.

तीन, जे पैसे दिले गेले नाहीत ते शोधा. सरकारी खर्चाच्या तक्त्यात आपल्या उदाहरणातले १२४ पौंड दिसतात. ते ३० पौंड तिथे कुठेच नाहीत. ते कुणाच्या तरी जेवणातून, हीटिंगमधून किंवा उसनवारीतून गेलेले असतात.

सराव म्हणून आपल्याकडचा एखादा आकडा घ्या. नॉन-क्रिमीलेअरची ८ लाखांची मर्यादा २०१७ ची आहे. त्याआधी किती होती, मधल्या काळात पगार आणि महागाई कुठे गेली, आणि मर्यादा आहे तिथेच ठेवल्याने कोण आत आलं, कोण बाहेर पडलं, हे शोधून दोन पानं लिहा. मर्यादा न बदलणं हाही एक निर्णयच असतो. फक्त त्याची अधिसूचना निघत नाही, म्हणून आपल्या नजरेतून तो सुटतो.

ती स्लाइड मी अजून जपून ठेवली आहे. '३० टक्के' वर लाल रेघ मारून खाली सरांचा प्रश्न लिहिलाय. माहिती चुकली होती, पण प्रश्न बरोबर होता: उरलेलं माणूस आणतो कुठून?