लघुउद्योगांतील डिजिटल तंत्रज्ञान (ओतकाम)

लघुउद्योगांतील डिजिटल तंत्रज्ञान : यंत्रे, कच्चा माल, वीज, मागणी आणि येणी यांच्या नोंदी संवेदक, संगणक व मोबाइल यांच्या साहाय्याने ठेवून त्यांवरून निर्णय घेण्याची पद्धती. भारतात १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी आणि वार्षिक उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘लघु’ गणला जातो. अशा कारखान्यात या तंत्रज्ञानाचा खरा उपयोग मोजमापात आहे. यंत्रमानव वा पूर्ण स्वयंचलन हा पुढचा आणि बहुतेकांना न परवडणारा भाग होय. संकटात तग धरणे आणि पर्यावरणावरील भार कमी करणे ही दोन उद्दिष्टे वेगळी मानली जातात. पण लहान कारखान्यात दोन्ही एकाच नोंदवहीतून साधतात. कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगावरून हे स्पष्ट होते.

उसाचे चरक आणि पाणी उपसणारी ऑइल इंजिने यांच्या दुरुस्ती-निर्मितीच्या आधाराने कोल्हापुरात ओतकाम वाढले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फौंड्र्या (ओतशाळा) वाहन व पंप उद्योगांना कास्टिंग पुरवतात. कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्टीची जागा अनेक ठिकाणी विजेवरच्या इंडक्शन भट्टीने घेतली आहे. लोखंड सु. १,५००° से. पर्यंत तापवून वितळवण्यास सिद्धांतानुसार टनाला ४०० युनिटांहून कमी वीज पुरते. प्रत्यक्षात साधारणतः ५५० ते ७०० युनिट लागतात. भट्टीचे झाकण उघडे राहणे, मोल्ड (साचा) तयार नसल्याने वितळलेला रस तापवत ठेवणे, भंगाराला गंज व वाळू चिकटलेली असणे, अशा कारणांनी हा फरक वाढतो. महिन्याच्या एका वीजबिलात यातले काहीच कळत नाही. भट्टीला स्वतंत्र मीटर बसवून प्रत्येक हीटचे (एका वेळच्या वितळणीचे) वजन, वेळ आणि युनिट नोंदवले की गळती कोणत्या पाळीत आणि कशामुळे होते ते दिसते. रिजेक्शनचे, म्हणजे सदोष ठरलेल्या कास्टिंगच्या प्रमाणाचेही तसेच. महिन्याला १०० टन रस ओतणाऱ्या फौंड्रीत ते ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले आणि टनाला ६०० युनिट धरले, तर केवळ वितळवण्यातच १,८०० युनिट वाचतात. युनिटमागे सु. ०.७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड या हिशेबाने सव्वा टन उत्सर्जन टळते. रस मोल्डमध्ये कसा भरेल आणि कुठे आकसून पोकळी राहील, हे ओतण्याआधी संगणकावर पाहण्याची सोयही उपलब्ध आहे. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेली ‘ऑटोकास्ट’ ही अशीच प्रणाली होय.

हीच शिस्त संकटात उपयोगी पडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्येही महामार्गावर पाणी आले. पुरात भिजलेला लाकडी पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) वाकतो, कागदी ड्रॉइंग जाते. त्यांची त्रिमितीय प्रत दूरच्या सर्व्हरवर असेल, तर नवा पॅटर्न करता येतो. साठा आणि अर्धवट कामाची ताजी नोंद असल्यास कोणत्या ग्राहकाचा माल आधी काढायचा हे लगेच ठरते. पुष्कळदा मात्र कारखाना पुरापेक्षा थकलेल्या बिलांनी बुडतो. सूक्ष्म व लघु पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उभे राहिलेले ‘ट्रेड्स’ मंच २०१७ पासून कार्यरत झाले. ग्राहक कंपनीने मान्य केलेले बिल तेथे वटवून आधीच पैसे मिळतात. त्यासाठीही पावती, गुणवत्ता आणि पोच यांच्या नोंदी बिनचूक लागतात.

खर्च हा यावरचा पहिला आक्षेप. सर्व व्यवहार एकत्र नोंदवणारी संपूर्ण ईआरपी प्रणाली छोट्या फौंड्रीला झेपत नाही, हे खरेच. परंतु ऊर्जामीटर आणि साध्या तक्त्यापासून सुरुवात करता येते, आणि धातूचे घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर, सिम्युलेशन किंवा प्रशिक्षण यांसारख्या महागड्या सोयी औद्योगिक वसाहतीत सामाईक ठेवता येतात. कामगार कमी होतील, हा दुसरा आक्षेप. पाळत ठेवण्यासाठी वापरलेली नोंद तसे करूही शकते. पण रसाच्या रंगावरून तापमान ओळखणाऱ्या भट्टीवाल्याचा अनुभव आकड्यांशी जोडल्याशिवाय दोषाचे कारण सापडत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवाल सक्तीचा केल्याने मोठे ग्राहक पुरवठादारांकडेही विजेचे व कचऱ्याचे आकडे मागू लागले आहेत. खर्चाचा तपशील हाती आला की ग्राहक भाव पाडेल, ही भीती निराधार नाही. खंडणीखोर सायबर हल्ले आणि एकाच विक्रेत्यावरील अवलंबित्व हे धोकेही आहेतच. म्हणून माहितीची मालकी कारखान्याकडे राहणे, तिची प्रत इंटरनेटपासून तोडून ठेवणे आणि ग्राहकाला द्यायचे आकडे करारात मर्यादित करणे आवश्यक ठरते. या अटी पाळल्या जात नाहीत तेथे डिजिटल तंत्रज्ञानाचा लाभ मोठ्या ग्राहकाला मिळतो आणि त्याचा खर्च मात्र लघुउद्योजकाच्या माथी पडतो.