रशियन माळ : जपापासून बोटांच्या खेळापर्यंत

२०१७ साली फिजेट स्पिनरची लाट आली होती, आठवत असेल. ती वर्षभरात ओसरली. हाताला काहीतरी चाळा हवा, ही माणसाची गरज मात्र ओसरत नाही. हल्ली त्या जागी रशियन ‘च्योत्की’ आली आहे. चपट्या मण्यांची छोटी माळ बोटांतून उलटसुलट फिरवायची, एवढाच तो खेळ. याने मन एकाग्र होतं का, असं पालक विचारतात. त्याचं उत्तर देईनच, पण आधी या माळेचा इतिहास ऐका, कारण तो विलक्षण आहे.

‘च्योत्की’ हा शब्द मोजणे या अर्थाच्या जुन्या रशियन धातूपासून आला. म्हणजे मूळ काम आपल्या जपमाळेचंच. सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये सुधारणांवरून फूट पडली. तेव्हा जुन्या रीतीला चिकटून राहिलेल्यांनी ‘लेस्तोव्का’ नावाची चामड्याची माळ जपली. तिला मणी नसतात, चामड्याच्या घड्यांच्या पायऱ्या असतात. नावाचा अर्थच शिडी.

खेळण्याची माळ मात्र देवळातून नाही, तुरुंगातून आली. तुरुंगात कच्चा माल कुठला? पाव! वाट्याला आलेल्या पावाचा गर भिजवायचा, मळायचा, लगद्याचे आकार करून वाळवायचे. वाळला की तो लाकडासारखा टणक होतो. कैद्यांनी यातून बुद्धिबळाच्या सोंगट्यासुद्धा केल्या. अर्धपोटी माणूस खायचा पाव मण्यांसाठी वापरतो, तेव्हा त्या मण्यांची त्याला भुकेइतकीच गरज असली पाहिजे.

याचा सर्वांत चांगला पुरावा लेखक अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांनी ‘गुलाग आर्किपेलागो’मध्ये नोंदवला आहे. १९५० साली एका छावणीतून दुसरीकडे नेताना त्यांना कुइबिशेवच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथले लिथुआनियन कॅथलिक कैदी पावाच्या जपमाळा करत. काळा रंग जाळलेल्या रबराचा, पांढरा दंतमंजनाचा आणि लाल रंग लाल स्ट्रेप्टोसाइडचा. इथे माझ्यातला डॉक्टर थबकतो. लाल स्ट्रेप्टोसाइड हे सल्फा गटातलं औषध. त्याच जातीच्या प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचे जंतुनाशक गुण जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९३९ चं नोबेल त्यांना जाहीर झालं. पेनिसिलिन हाती येण्याआधी त्याने असंख्य जीव वाचवले. रंगापासून निघालेलं औषध तुरुंगात पुन्हा रंग झालं!

सोल्झेनित्सिन यांनी स्वतःसाठी शंभर मण्यांची माळ मागितली. प्रत्येक दहावा मणी चौकोनी, पन्नासावा आणि शंभरावा बोटांना वेगळा कळेल असा. कारण जप नव्हता. कागदावर लिहिलेलं जप्त होत असे, म्हणून ते कविता मनात रचत आणि एकेका ओळीला एकेक मणी सरकवत. पहारेकऱ्यांना माळ सापडली तरी प्रार्थनेची समजून ते सोडून देत. शिक्षा संपेपर्यंत अशा बारा हजार ओळी त्यांच्या डोक्यात साठल्या होत्या. आपल्याकडे लहान जपमाळेला ‘स्मरणी’ म्हणतात. इथे तो शब्द अक्षरशः लागू पडतो.

फिरवायच्या चपट्या माळेचं नातं याच तुरुंगांच्या जगाशी आहे. पावाच्या जोडीला छावण्यांच्या कारखान्यांतले प्लेक्सिग्लासचे तुकडे आले. चपट्या मण्यांना प्रत्येकी दोन भोकं पाडून दोन समांतर दोरे ओवतात. त्यामुळे पट्टी पिळत नाही, रणगाड्याच्या साखळीसारखी फक्त पुढेमागे वळते. एक टोक दोन बोटांत धरायचं, दुसरं झोक्याने उलटवून पुढच्या बोटांत झेलायचं. गुन्हेगारी टोळ्यांशी जोडलं गेल्यामुळे जुन्या पिढीतल्या रशियन माणसाला आजही ही माळ फारशी सभ्य वाटत नाही. ग्रीसमध्ये मात्र ‘कोम्बोलोई’ फिरवत कॉफी पिणाऱ्या आजोबांकडे कुणी वळूनही पाहत नाही.

आता पालकांचा प्रश्न. मेंदूत बोटांच्या वाट्याला आलेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने खूपच मोठी असते. त्यामुळे बोटांची लयबद्ध हालचाल काहींना शांत करते, यात नवल नाही. पण हा आजारावरचा उपचार नव्हे. मुलाचं अभ्यासातलं लक्ष माळेने वाढेल असं मी कुणालाही सांगत नाही. सिगारेट सोडणाऱ्यांना मात्र मी हातात काहीतरी ठेवायला सांगतो, कारण निकोटीनइतकीच हाताची सवयही चिवट असते.

अंगठा दुखू लागला किंवा बोट वाकवल्यावर अडकू लागलं, तर माळ बाजूला ठेवा. ठरावीक आकडा पूर्ण केल्याशिवाय उठताच येत नसेल, न मोजल्यास जीव घाबरत असेल, तर तो खेळ राहिलेला नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि नव्यानेच हात थरथरू लागला असेल, तर माळ घेण्याआधी तपासणी करून घ्या.